नाकासमोर

हा कालवा नाकासमोर चालणारा.
अकरा किलोमीटर त्याला वळण ठाऊक नाही.
डावीकडे पाणी, उजवीकडे बटाटा, मग बीट, मग पुन्हा बटाटा,
मधे खडीची वाट,
आणि तिच्यावर आमचे जाड टायर
कुणी चणे भाजत असल्यासारखे.

हार्म पुढे, मी त्याच्या पाठीआड.
दर दहा मिनिटांनी आम्ही जागा बदलतो,
वारा मात्र बदलत नाही.
ग्रोनिंगनच्या या पूर्वेला
चढ म्हणजे वारा, दुसरा चढ नाही.
एकोणिसाव्या वर्षी मी इथून पळाले
कारण लपायला जागा नव्हती:
कोण कुणाकडे निघालंय
ते अर्धा तास आधी दिसायचं.
आता भावाकडे येते सुट्टीला
आणि तेच बघत बसते,
लांबवरचा एक ठिपका, त्याची हळूहळू होणारी सायकल.

गुरुवारी हार्म वडिलांच्या शेतावर सही करणार आहे.
बटाट्याच्या जागी काळ्या काचा येतील, उन्हाकडे तोंड करून.
त्यावर आम्ही बोललेलो नाही.
टायरमध्ये हवा किती भरावी, यावर बोललो,
भरपूर.

पहिल्या वळणाशी, उचलत्या पुलाखाली,
माझं मागचं चाक बसलं.
दारात कांद्यांची पेटी, शेजारी पैशांचा डबा,
राखणीला कुणी नाही.
हाक मारायच्या आत हिलेखीनबाई
पाण्याची बादली घेऊन बाहेर.
"येताना दिसलात," म्हणाल्या,
"चाक बसेल असं वाटलंच होतं."
वय अठ्ठ्याऐंशी. पायात लाकडी जोडा.

ट्यूब बुडवली. बुडबुडे आले, बारीक, रांगेत.
मी ठिगळ घासत होते, तोवर त्या
अंगणातल्या खांबाला टेकल्या,
ज्याला आता कपडे वाळत घालायची दोरी आहे.
"बोट घाल इथं."
लाकडात खाच होती. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.
होडीचा दोर वळणावर या खांबाला घासत जायचा.
घोडा ज्याला परवडे त्याचा घोडा ओढी.
त्यांच्या आजोबांना परवडला नाही,
म्हणून छातीवरून आडवा पट्टा, आणि आजी.
शिंपी तिचा झगा उजवीकडे दोन बोटं आखूड शिवायचा.
न विचारता.

"आणि जमीन होती तिथं,"
त्यांनी हात दाराच्या चौकटीवर नेला,
चवड्यांवर उभं राहूनही तो पुरला नाही.

पायाखालची जमीन सरकली, असं म्हणतात माणसं.
इथली सरकली नाही.
ती फावड्यानं कापली, विटांसारखी रचून वाळवली,
होडीत भरली,
शहरातल्या चुलींत गेली, धूर झाली.
उरला तो तळ.
त्या तळाला आम्ही शेत म्हणतो,
त्यावर वडिलांनी चाळीस वर्षं नांगर धरला,
आणि मला वाटायचं, हीच पहिल्यापासूनची.

हार्म काही बोलला नाही.
तो खांबाची खाच अंगठ्यानं चाचपत राहिला,
बराच वेळ,
घोड्याचा दात बघावा तसा.

निघालो. वारा तोंडावर.
मान खाली घातली की एक खांदा आपोआप पुढे येतो,
हे मला आज कळलं.
डोक्यावर दोन माणूस उंचीवर
जी नाही ती जमीन,
तिच्यावरून कदाचित कुणी दलदलीतला पक्षी चालत होता,
पाय उचलून, जपून.

दहा मिनिटं झाली. मग पंधरा.
"बदल!" हार्म मागून ओरडला.
ऐकू न आल्यासारखं केलं मी.
थोडा वेळ त्याला ओढावं म्हटलं,
मधे दोर नसला तरी.

पाठीच्या खिशात तीन कांदे.
डब्यात आम्ही पैसे जास्तच टाकले होते,
त्यांना ते खिडकीतून दिसलंच असणार.
खडीवर चाक उसळलं की कांदे मणक्यावर आपटत होते,
आणि समोर, फार लांब,
एक ठिपका.