गार किल्ली

फहाहीलमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
घरातले आवाज टिपायचे तर आधी एसी बंद.
बाहेर सत्तेचाळीस. म्हणजे हातात मिनिटं सहा,
फार तर सात. मग घाम हेडफोनखाली शिरतो
आणि माइकला माझं आवंढा गिळणंही ऐकू जातं.

फ्रिजही बंद. त्याची घरघर
प्रत्येक आवाजाच्या तळाशी गाळासारखी बसते.
पुन्हा चालू करायला विसरू नये
म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवते, दह्याशेजारी.
दोन लिटर दूध नासल्यावर आलेली अक्कल.

कुकरपासून माइक दोन हात लांब.
वाफ आडवी धावते, कोपरावर खूण आहे.
शिट्टी होण्याआधी पातळी उतरवायची,
नाहीतर दुपारभर कानात कुणीतरी सुई घासत बसतं.
ओल्या हाताने प्लगला शिवायचं नाही.
बशी फोडायची ती जुन्या चादरीच्या पोटात,
डोळ्यांवर श्रीरंगचा रिफायनरीतला चष्मा,
पायात त्याचेच बूट.
स्वयंपाकघरात बूट!
सासूबाईंना हे फोनवर सांगितलेलं नाही.

तिसऱ्या बशीला इमारतीचा हारिस जिने चढून आला,
"खैर, मादाम?"
दारात मी: चष्मा, बूट, हातात हातोडी.
त्याने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं,
नवरा कुठे आडवा झालाय का ते.
त्याची धाप फार सुरेख आली होती.
पुसली. माणसाचा श्वास
न विचारता ठेवायचा नाही.

बादली, अर्धी भरलेली.
चिमटा, तव्याच्या कडेवर.
ह्या चिमट्यावर पोलंडमधला एक पोरगा
ताल बांधतो म्हणे. त्याने विचारलं,
हे कुठलं वाद्य?
मी दोन दिवस उत्तरच दिलं नाही,
मग लिहिलं, घरचं.

काल श्रीरंगची रात्रपाळी.
बूट घालून घरभर फिरतोय, उशा उलटतोय,
बस नाही, गाडीच न्यायचीय, उशीर झालाय,
आणि मला एकदम आठवलं.
"केवढी गार," म्हणाला.
गालाला लावली. मग दुसऱ्या गालाला.
घाई होती तरी.
मग दार, जिना, खाली इंजिन,
आणि रेकॉर्डरचा लाल दिवा विझलेलाच.

बराच वेळ घर छान शांत वाटत होतं.
का, ते सकाळी कळलं,
दह्याच्या वासावरून.