दिवसपाळी

सॉवरबी ब्रिजला उतरलो तेव्हा साडेआठ.
एरवी याच वेळी आपण घरी निघायचो,
तू चढावरची बस धरायचीस, मी उतारावरची,
दोघींच्या डोळ्यांत रात्रीची वाळू.
एकोणीस वर्षं.

डिलिस, तुझे डोळे घारे आहेत!
मला वाटायचं, काळे.
वॉर्डातल्या त्या मंद दिव्याखाली
सगळ्यांचेच डोळे काळे असतात.

काठाची वाट दोघींपुरती रुंद,
सायकलवाला आला की एकीपुरती.
खाली झाडांआड कॅल्डर नदी, अखंड बडबडी.
इकडे कालवा गप्प,
पहिला चहा पोटात जाईपर्यंत तू असतेस तसा.

मी सांगितलं, माझे वडील नीरा कालव्यावर पाटकरी होते.
रात्री कंदील घेऊन निघायचे, खांद्यावर लोखंडी किल्ली,
कुणाची पाळी, किती तास, सगळं तोंडपाठ.
पाण्याला पाळी आणि माणसालाही पाळी,
आमच्यात शब्द एकच, म्हटलं.
तू तो तीनदा म्हणून पाहिलास. ळ काही जमला नाही.

लडेंडन फूटच्या पुढे एका लॉकपाशी
बोटवाला एकटाच झगडत होता.
त्याच्या मनगटाची पट्टी तू आधी पाहिलीस,
माणूस नंतर.
त्यानं किल्ली माझ्या हातात दिली
आणि मी क्षणभर तिचं वजन करत राहिले.
वडिलांच्या किल्लीपेक्षा हलकी. गंज तोच.

पाणी समान झालं. दाराच्या तुळईला आपण पाठ लावली
आणि तू म्हणालीस, वन, टू, थ्री.
त्याच आवाजात.
दर दोन तासांनी मिस्टर एकरॉइडना
या कुशीवरून त्या कुशीवर वळवताना यायचा, तोच.
दार हललं, अगदी हळू,
झोपेतल्या जड माणसासारखं.
वळता वळता तो म्हातारा सांगायचा,
पोरींनो, टॉडमॉर्डनपर्यंत वाट सपाट आहे, जा एकदा.
खोटारडा.
मोजायचं सोडलं तेव्हा बारा लॉक झाले होते.

मिथमरॉइडला बाकावर दशम्या सोडल्या.
शेंगदाण्याची चटणी तू नुसतीच खाल्लीस,
मग नाक पुसत एका हंसाला शिव्या दिल्यास, वेल्शमध्ये,
त्याचा काहीएक दोष नसताना.

हेब्डन ब्रिज मागे पडलं. बाटलीतलं पाणी संपलं.
गिरणीची एक चिमणी बराच वेळ समोर होती,
मग बाजूला आली, मग तिचं काही उरलं नाही.
तू वाकून बुटाची नाडी बांधत होतीस
आणि मान वर न करता सांगितलंस,
पाळी बदलताना पुढच्या नर्सला सांगावं तसं:
गुडघा जरा सुजलाय,
डाव्या टाचेला फोड आलाय,
सप्टेंबरात मी वेल्सला जातेय, बहिणीकडे, कायमची.

मीही नुसतं "बरं" म्हटलं.
तेवढंच म्हणायची रीत आहे.
प्रश्न नंतर सुचतात, बसमध्ये, अंघोळ करताना.

शेवटचा मैल कुणीच बोललं नाही.
पाण्यावर एक बदक सरळ रेघ ओढत गेलं,
रेघ दोन्ही काठांना लागून विस्कटली.
तू म्हणालीस, तो शब्द पुन्हा सांग.
पाळी, म्हटलं.
पाली, म्हणालीस.
म्हटलं, ती भिंतीवर असते.
मग आपण इतक्या हसलो की पुलावरचा माणूस थांबून बघू लागला.

टॉडमॉर्डनहून परतीची गाडी.
दिवसभर चाललेलं सगळं तिनं वीस मिनिटांत उलगडून टाकलं:
बाक, गिरणी, लॉक, हंस, खिडकीतून मागे मागे.
तू माझ्या खांद्यावर झोपलीस, तोंड उघडं.
रात्रपाळीत एकदाही झोपली नव्हतीस.

सवयीनं घड्याळ पाहिलं,
पूर्ण एक मिनिट तुझे श्वास मोजले.
चौदा.
तक्ता नव्हता,
तिकिटाच्या पाठीवर लिहून ठेवले,
वेळेसकट.