पंचनामा, मडकई

बांध फुटून आठवा दिवस.
मानशीची फळी शेतात येऊन पडलीय,
तिच्यावर एक खंड्या.
मी चपला काढून टेप धरते,
दुसरं टोक आवडूबाय दातात धरते,
हातांनी लुगडं सावरत.

सर्व्हे नंबर. उपविभाग.
एक-चौदाच्या उताऱ्यावर तिच्या सासऱ्याचं नाव,
कूळ म्हणून, तेही खोडलेलं.
नुकसानीचं कारण : अतिवृष्टी.
ती ओंजळ पुढे करते. "चाखून पळय."

खारट.

अर्जात मिठासाठी रकाना नाही.
'इतर'मध्ये लिहायला जाते,
ओल्या कागदावर पेन उमटत नाही.

"कोरगूट असतं तर उभं राहिलं असतं,"
ती म्हणते, खंड्याकडे बघत.
कोरगूट सोडायला मीच सांगितलं होतं,
दोन वर्षांमागे, ह्याच बांधावर,
अनुदानातल्या 'ज्योती' बियाण्याच्या
पिशव्या मोजून देताना.

पैसे दिवाळी उलटल्यावर जमा झाले.
मोबाईल घेऊन ती कार्यालयात आली,
आकडा माझ्याकडून वाचून घेतला, दोनदा.
मग टेबलावर रुमाल पसरला, रिकामा :
"ह्यात मावेल एवढं कोरगुटाचं बी
कुणाकडे उरलंय का,
तेवढं बघ."