भेगेवरची काच

चौदा वळणं आहेत.
अकराव्यापर्यंत दुसरा गिअर चालतो,
पुढं पहिला, आणि मागच्या फळ्यांवरचे पाव
एकमेकांच्या अंगावर रेलतात
मिस्सात डुलक्या घेणाऱ्या म्हाताऱ्यांसारखे.
मंगळवार आणि शुक्रवार. बावीस वर्षं.

रोक्कासेर्बा म्हणजे किती, ते मला पावांवरून ठाऊक.
पहिल्या हिवाळ्यात एकेचाळीस लागायचे,
आता साडेआठ.
ऑगस्टात तोरिनोहून नातवंडं येतात तेव्हा साठ,
सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी
पुन्हा साडेआठ. तो अर्धा नात्सारेनोचा:
बायको मार्चमध्ये गेली,
अख्खा पाव त्याच्याकडे शिळा होतो.

गाव सुळक्यावर आहे.
वर दगड, कुण्या विझलेल्या ज्वालामुखीच्या राखेचा,
किल्लीनं नाव कोरता येईल इतका मऊ;
खाली निळसर माती,
जी पाऊस झाला की कुणाचंच ऐकत नाही.
दोन बाजूंना दऱ्या.
तिसऱ्या बाजूला चांभारांची गल्ली होती म्हणतात.
आता कठडा आहे,
आणि कठड्यावर क्विंतोचं मांजर.

वेशीच्या कमानीतून गाडी जात नाही,
पाव हातगाडीवर घ्यायचे.
घंटाघराचं घड्याळ सात मिनिटं मागं;
सात मिनिटांवाचून इथं कुणाचं अडलंय?

एर्सीलियाचं घर शेवटचं.
तिच्या स्वयंपाकघरात भेग आहे,
छतापासून मोरीपर्यंत,
आणि भेगेवर नगरपालिकेनं आडवी चिकटवलेली
काचेची पट्टी, बोटभर रुंद.
शेजारी पेन्सिलनं तारीख.
काच तडकली तर समजायचं, डोंगर हलला.
समजलं की फोन करायचा,
आणि मग खालच्या गावात
लिफ्ट असलेल्या इमारतीत जायचं राहायला.
नंबर फ्रीजवर आहे, लिंबाच्या आकाराच्या चुंबकाखाली.
रोज सकाळी ती पट्टी पुसते,
चष्मा पुसावा तशी, पदराच्या नव्हे, एप्रनच्या टोकानं,
तोंडाची वाफ देऊन.

जानेवारीत दरी धुक्यानं काठोकाठ भरते.
नववं वळण ओलांडलं की मी वर निघतो
आणि समोर गाव असतं,
डबक्यातून तोंड वर काढलेल्या म्हशीसारखं,
निवांत.

अशाच एका शुक्रवारी तिनं दार उघडायला वेळ लावला.
पाव घेतला. सुटे मोजले, पुन्हा मोजले.
"ओद्वार्दो, तुझ्याकडं काच असेल का रे?
एवढीशी?"
आणि बोट दाखवलं.
मी भिंतीकडं पाहिलं. पाहायला नको होतं.
मग म्हटलं, मंगळवारी बघतो.

मंगळवारी तिच्या पावाच्या पिशवीत
वर्तमानपत्रात गुंडाळलेली पट्टी होती;
बेकरीच्या परवान्याच्या फ्रेममधली काच,
भावानं कापून दिली, कशाला ते न विचारता.
गोंद तिनं आणून ठेवला होता.
हात माझे जड, पीठ मळणारे;
तिनंच चिकटवली, खुर्चीवर चढून, ब्याऐंशीव्या वर्षी,
मी खुर्ची धरली.
तारीख जुनीच राहू दिली.

एप्रिलमध्ये मोजणीवाला आला.
तरुण पोरगा, पेरुत्सेली आडनावाचा,
बुटांना निळी माती.
काचेवरून बोट फिरवलं.
पहिली काच हिरवट होती, ही पांढरी.
बराच वेळ तो तसाच उभा.
मी उगाच हातगाडीचं चाक तपासत होतो
दाराबाहेर, एर्सीलिया कॉफीचं भांडं
चुलीवर ठेवलेलं पुन्हा उतरवत होती.

त्यानं खिशातून पेन्सिल काढली,
पुसट झालेली तारीख गिरवली.
तीच.
मग म्हणाला, साखर दोन चमचे.

परवाना हल्ली भिंतीवर उघडाच असतो,
पिठानं पांढरा झालाय, शिक्का वाचता येत नाही.
बायको दोनदा बोलली.
तपासनीस जूनमध्ये येतात.
बघू.