हातचा एक

वानाझोरमधल्या त्या इमारतीचा तिसरा मजला,
संगणक रचना, पहिलं सत्र, मंगळवार सकाळ.
हीटरवर कुणीतरी मोजे वाळत टाकलेत.
वार्सेनिक बाई फळ्यावर लिहितात, एक अधिक एक,
आणि वळून बघतात
जणू उत्तर आम्ही खिशात लपवलंय.

'शून्य,' मागून झावेन.
'आणि?'
'आणि हातचा एक.'
'मग दाखव तो हात.'
सगळे हसतात. बाई नाही.
त्यांना खरोखरच हात हवा असतो:
शेजारच्या घरात जाणारी एक तार,
आणि तो एक येईपर्यंत
तिथं कुणीतरी थांबून राहिलेलं.
बत्तिसाव्या घराला सगळ्यात उशिरा कळतं,
गावाच्या टोकाला आमचं आहे
तसंच.

पाइपलाइनच्या आठवड्यात मी पहिल्यांदा तोंड उघडलं.
म्हटलं, हे आमच्याकडे आहे.
लवाश करायला तोनिरभोवती चौघी बसतात.
आई गोळे करते, शुशान मावशी लाटते,
तिसरी उशीवर ताणून आत थापते,
चौथी आकडीनं उपसते.
एका पोळीला लागायचा तेवढा वेळ लागतोच,
पण बाहेर मात्र भराभर पडत राहतात.
बाईंनी खडू माझ्या हातात दिला.
'आणि मावशीला शिंक आली तर?'
मी चौकोन काढत गेले, एक रिकामा सोडला.
तो रिकामा चौकोनसुद्धा
पुढच्या दोघींनी नीट हातात घेतला, पुढं दिला.
'ह्याला बुडबुडा म्हणतात,' बाई म्हणाल्या.
मी म्हटलं, पोळीवर येतो त्यालाही.

डिसेंबरात तास चालू असताना वीज गेली.
ब्याण्णवमध्ये दिवसाला दोन तास असायची, बाई सांगायला लागल्या,
आणि मध्येच थांबून बॅगेतून एक पाटी काढली,
पोस्टकार्डाएवढी.
झावेननं मोबाइलचा उजेड धरला.
मोहरीएवढ्या काळ्या कड्या, एक हजार चोवीस,
प्रत्येकीतून तारा ओवलेल्या.
'एकोणिसाव्या वर्षी कारखान्यात हेच करायचे. सुईनं.
वीज गेली तरी ह्यांना आठवतं.
पण वाचायला जावं, तर पुसतं.
म्हणून वाचलं की त्याच दमात परत लिहायचं,
त्यासाठी वेगळी फळी असायची.'
'आत्ता ह्यात काय आहे?'
बाईंनी पाटी उजेडातून काढून घेतली.
'शेवटच्या दिवशी हेरिकनाझनं लिहिलं काहीतरी.
माझ्या शेजारच्या टेबलावरची.
क्रास्नोदारला गेली ती, मुलाकडे.
सांगितलं नाही काय लिहिलंय.
एकशे अठ्ठावीस अक्षरं मावतात.
एकदाच वाचता येतील.
परत लिहिणारी फळी भंगारात गेली.'
वीज आली. हीटर खुडखुडला.
मोजे अजून ओलेच.

सुट्टीत झावेन आणि मी ती फळी बनवायला बसलो.
त्याच्या काकाच्या रेडिओचे सुटे भाग,
बाजारातल्या म्हाताऱ्याकडून आठ कड्या, एका अक्षरापुरत्या.
लिहिलं, वाचलं, पुसलं, परत लिहिलं.
बोटांना डागाचा वास. जेवतानासुद्धा.
चाळीस वेळा बरोबर आलं.
एकेचाळिसाव्या वेळी
शेवटची कडी उलटीच फिरली,
आणि ते आधी कोणतं अक्षर होतं
हे फक्त आम्हाला माहीत होतं म्हणून कळलं.

मार्चमध्ये ती बाईंच्या टेबलावर ठेवली.
झावेन म्हणाला, चालते.
मी म्हटलं, एकेचाळीस.
त्यानं माझ्या पायावर पाय दिला.
बाईंनी फळी उलटसुलट केली,
एका सांध्यावर नख फिरवलं,
'हा थंड डाग आहे,' म्हणाल्या, 'परत द्या.'
मग बराच वेळ काहीच नाही.
डावा हात बॅगेवर, बंद पट्ट्यावर.

'चाळीस म्हणजे पुष्कळ झाले,' त्या म्हणाल्या,
आणि उजव्या हातानं फळा पुसून
पुढच्या प्रकरणाचं नाव लिहिलं.