कुठलं पाणी

बकऱ्याच्या टाचेवरची शीर.
पुस्तकात तिला कंडरा म्हणतात.
मटण मार्केटातल्या हारूण मुल्लाणींनी फुकट दिली,
वर विचारलं, "हिचा रस्सा तरी काय हुणार?"
रस्सा नाही, चाचा. आलेख होतो.

आधी जाडी मोजायची.
इथंच पहिली पंचाईत.
कॅलिपरचा जबडा टेकला की ओली शीर अंग चोरते,
टेकला नाही, तर माप घेतलं कुणाचं?
श्वास धरून आकडा लिहिते.
तीनदा. तिन्ही वेगळे.

मग यंत्राच्या दोन चिमट्यांत,
आतून सँडपेपर लावून,
नाहीतर निसटते, साबणाच्या वडीसारखी.
पहिल्या दहा फेऱ्या मोजायच्या नसतात.
ओढ, सोड. ओढ, सोड.
तिला आधीचं काहीतरी आठवत असतं,
सादळे-मादळेचा चढ बहुधा.
ते विसरेपर्यंत थांबायचं.
अकरावी फेरी वहीत.

आणि हा सगळा वेळ ती वाळत असते.
एप्रिल, दुपारचे तीन,
सागरमाळावरून येणारं वारं खिडकीच्या फटीतून आत.
न्हाव्याच्या दुकानातला असतो तसला फवारा घेऊन
मी दर मिनिटाला एकदा फुस्स.
थांबले, की पडद्यावरची रेघ चढायला लागते.
कोरडी शीर ओझं जास्त पेलते
आणि सांगून तुटत नाही.

सतरा नंबरच्या वेळी वीज गेली.
जनरेटर फक्त प्रशासकीय इमारतीला.
ती चिमट्यात ताणलेली, मी स्टुलावर,
चाळीस मिनिटं फुस्स, फुस्स,
मोबाईलच्या उजेडात.
ताणून धरलं की ती हळूहळू जोर सोडते,
हे मला सूत्रासकट माहीत आहे.
त्या दिवशी किती सोडला, ते तिलाच माहीत.

घरी जवाहरनगरला.
लॅबमध्ये "आले" म्हणणारी मी
उंबऱ्यात "आलो" म्हणते.
हवेतली ओल बदलली की
कातडं बदलतं, तसं.

दादा कुंडीतून वादी काढून
दातात धरून ओढत होते.
दोन दात याच कामात गेलेत.
मी सांगितलं सगळं: पासष्ट टक्के पाणी असलं की अशी,
वीसवर आली की तशी,
मधे कुठंतरी वळण, तेच शोधतोय.
त्यांनी आरी टोचली, वादी ओवली,
तळ उलटा करून बघितला.
"कुठलं?"
"काय कुठलं?"
"पाणी. बोअरचं, नळाचं, का हिरीचं?
बोअरच्या पाण्यात वादी भिजती, खरं मुरत न्हाई."
बाटलीतलं, मी म्हणाले. शुद्ध.
लिटरमागं नऊ ग्रॅम मीठ.
"मग ते मिठाचं मोजलंस की गं."

दुसऱ्या दिवशी कुंडीचं पाणी नेलं,
हिरडा-बाभळीच्या सालीनं चहाच्या रंगाचं, वासासकट.
शिरगुप्पे सरांनी झाकण उघडलं, लावलं,
"हे कार्यपद्धतीत काय म्हणून लिहिणार?"
सहा नमुने त्यात भिजवले.
तीन रेघेच्या वर गेले, तीन खाली.
काही सिद्ध झालं नाही.
सरांनी तरी वाटाण्याएवढं हसून
तक्त्यात एक रकाना वाढवू दिला: पाणी.

तो भरताना सतरा नंबरला हात अडखळला.
त्या अंधारात बाटली संपली होती
आणि फवारा मी भरला होता
कॉरिडॉरच्या नळाला.

नदीचं, का कळंब्याचं?
महापालिकेत गेले. खिडकीतल्या बाईंनी
तारीख विचारली, वही चाळली,
चष्मा कपाळावर सरकवला:
"त्या दिवशी दोन्ही सोडलं हुतं, मिसळून."

रकान्यात तसंच लिहिलं.
आणि समोर, शेऱ्याच्या जागी,
पेन्सिलीनं, सर खोडतीलच म्हणून:
विचारून आलो.