छत्तीस बुश

उद्यमबागेत, तिसऱ्या शेडमध्ये
छत्तीस बुश फिरवले, झिजेपर्यंत.
खोक्यावर छापलंय : हजार तास.
सरासरी आली नऊशे पंच्याऐंशी.

‘आणि काय बघुलालीस?’ बसाप्पा म्हणाला.
मी फरकाला प्रमाणत्रुटीनं भागलं.
उणे दीड. नकाराची रेघ
थोडी पलीकडेच राहिली.

‘दावा फेटाळता येत नाही,’
एवढंच लिहिलं.

हुंदरेशेठनी कुंदा मागवला :
‘सिद्ध झालं! लेबलावर टाका.’

सिद्ध नाही, शेठ.
खोटं म्हणायला पुरावा पुरला नाही, इतकंच.

ते हसले.
खिडकीतून गेटवरची पाटी दिसत होती :
दोन लिप्या, एकीवर वाळलेलं डांबर.
अनिर्णीत म्हणजे काय
ते या गावात तरी
समजवावं लागू नये.

कुंद्याचा द्रोण तसाच ठेवून
मी सदतिसावा बुश
मशीनला लावला.